सहा ओहम

मागच्या पट्टीवर चार स्क्रू.
शून्य, चार, आठ, सोळा.
मधे सहा नाही.

माझ्या नव्या स्पीकरच्या पाठीवर मात्र
सहाच छापलंय, चांदीच्या अक्षरात,
आणि यावलमध्ये ज्याला जाऊन विचारावं
असा माणूस उरलाय एकच.

सुभान तडवी.
मी नववी नापास, त्यांच्याकडे वायर गुंडाळायला.
पहिला धडा शिडीवर, कडुनिंबात भोंगा बांधताना:
सोळा ओहमचा एकटा असेल तर सोळावर.
तसलेच दोन, शेजारी-शेजारी, तर आठवर.
चार असतील तर चारवर.
मला वाटायचं, भोंगे वाढले की आकडाही वाढायला हवा.
"गर्दी एका दारातून निघाली, मंग चार दारातून निघाली.
कुठी जास्त अडली?"
एवढंच. मग खाली उतरून चहा.

अडावदला पौषात भरिताची पार्टी होती.
बांधावर पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी,
दोन भोंगे आंब्यावर, मशीन माझ्या हवाली.
केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर
वायर ओढत घेऊन गेला अंधारात
आणि भोंगे गप्प झाले.
मला वाटलं, आवाज कमी पडतोय.
मी बटण फिरवलं.
अजून फिरवलं.
गाणं ट्रान्सफॉर्मरच्या पोटातूनच येऊ लागलं,
मुंगीएवढं,
तरी शब्द कळत होते.
मग व्हॉल्व्हच्या बुडाशी निळी ठिणगी,
मग जळक्या वार्निशचा वास
भाजल्या वांग्यांच्या वासात.

मारलं नाही त्यांनी.
दस्तीनं हात पुसत म्हणाले,
"ट्रान्झिस्टरवालं मशीन तारेले तार चिकटली का मरते.
हे तसं नाही.
ह्याले ऐकनारं कोनी नसलं
आन हे बोलत राह्यलं,
तं मरते."

पुढचे तीन आठवडे मी वेटोळी मोजली.
शंभर झाली की भिंतीवर कोळशाची रेघ.
केसाएवढी तार, घामानं तुटायची.
ते कामात पाहत पाहत बोलत राहायचे,
इंदूरहून आणलेल्या पत्र्यांबद्दल, भावाच्या म्हशीबद्दल,
कशाहीबद्दल,
आणि आतून, भाकरी थापता थापता,
दर वाक्याला जुबेदाबीचं
"हं."

शेवटी रंगीत नळ्या ओवून चार तारा बाहेर काढल्या:
काळी, पिवळी, हिरवी, लाल.
तेच मशीन आज माझ्या घरात आहे.
दुकान मोडलं तेव्हा त्यांनी भंगारवाल्याला दिलं नाही,
मला दिलं. पैसे घेतले, पण कमी.

जुबेदाबी गेल्यापासून ते बोलत नाहीत फारसं.
मुलगा म्हणतो, वय झालं.
मी काही म्हणत नाही.

खाटेवर बसले होते. स्पीकर उलटा करून दाखवला.
बोटानं ते सहा चाचपलं.
बराच वेळ गेला. दारातून एक कोंबडी आत आली, बाहेर गेली.
"सहा म्हंजे काय सहाच नसते.
एका सुराले चार, दुसऱ्याले वीस.
कंपनीनं मधलं काहीतरी छापलं,
लोक पोराचं नाव ठेवतात तसं."
मग थांबून,
"दोन्हीवर लावून पाह्य.
ज्याच्यावर गानारी बाई ओट्यावर येऊन बसन, ते ठेव.
आन स्क्रूले हात लावायच्या आधी मशीन बंद कर."

रात्री चारवर लावलं. ढोलकी घट्ट, टिचक्या मोजता याव्यात इतकी,
बाई मात्र अंगणाच्या पलीकडे.
बंद केलं. थंड होऊ दिलं.
आठवर लावलं.
ढोलकी जराशी सैल पडली
आणि बाई दोन पावलं पुढे आली,
पदर सावरून बसलीच म्हणा.

फोन लावला त्यांना, न बोलता
स्पीकरसमोर धरून ठेवला,
पूर्ण कडवंभर.
पलीकडे काही नाही.
खाट करकरल्यासारखं वाटलं एकदा.

मग,
"हं."

मी मशीन बंद केलं
आणि आठचा स्क्रू नीट आवळला.